टाचणाची डावी बाजू, उजवी बाजू : शाळेचा आराखडा आणि शिक्षकाची मोकळीक यांची सांगड कशी घालायची

तिसरीचा वर्ग, जुलैचा तिसरा आठवडा. टाचणवहीत, म्हणजे रोज काय आणि कसं शिकवायचं ते आधी लिहून ठेवायच्या वहीत, त्या दिवशी तीन अंकी वजाबाकी लिहिलेली होती आणि बाई मात्र जमिनीवर बसून आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधून घेत होत्या. भेटीला आलेल्या साहेबांनी पाच मिनिटं पाहिलं, वही चाळली आणि लॉगबुकात, म्हणजे शाळाभेटीच्या नोंदवहीत, शेरा टाकला : ‘टाचणाप्रमाणे अध्यापन नाही.’ शेरा खोटा नव्हता. पण वर्गातल्या निम्म्या मुलांना दोन अंकी वजाबाकीतच हातचा जमत नव्हता, आणि त्या दिवशी त्या शाळेत बरोबर काम कोण करत असेल तर त्या बाईच. शेजारच्या ‘ब’ तुकडीत सरांचं टाचण आणि फळा तंतोतंत जुळत होते. नंतर दोघांच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर मजकूर स्वल्पविरामासकट एकच. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या एकाच पीडीएफवरून दोघांनीही उतरवून काढलेला.

मी तेव्हा नवीन मुख्याध्यापिका होते. रागाच्या भरात पुढच्या वर्षी सगळ्यांना सांगून टाकलं की टाचण नावापुरतं ठेवा, तुम्हाला जमेल तसं शिकवा. डिसेंबरात ‘ब’ तुकडीचे सर लांब रजेवर गेले, दोन्ही तुकड्या एका खोलीत बसवाव्या लागल्या, आणि माझ्या उदारपणाचं फळ समोर आलं. एका तुकडीतली मुलं ‘उसना घेतला’ म्हणत होती, दुसरीतली ‘दशक सुटा केला’. एका तुकडीचा भागाकार सुरू झालेला, दुसरीचा गुणाकार अजून चालू. मुलं हुशार होती, शिक्षक प्रामाणिक होते, तरी बाईंना दोन महिने नुसते सांधे जुळवण्यात घालवावे लागले.

पुढे जे लिहिते आहे ते या दोन्ही चुकांनंतर हळूहळू बसवलेलं आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित प्राथमिक शाळेतले मुख्याध्यापक आणि शिक्षक डोळ्यासमोर ठेवून लिहिते आहे. खासगी शाळांत तक्त्यांची नावं वेगळी असतील, भांडण तेच असतं.

आधी कायदा उघडा

‘पोर्शन पूर्ण करा’ आणि ‘प्रत्येक मूल शिकलं पाहिजे’ ही दोन वाक्यं एकाच बैठकीत ऐकून आपण वैतागतो. गंमत अशी की शिक्षण हक्क कायद्यातच ती शेजारी बसली आहेत. २००९ च्या या कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं आहेत. त्यात ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करायचा, हे एक. आणि प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवायचं, हे लगेच त्याखाली. म्हणजे कुणी एकाच बाजूवर बोट ठेवून तुम्हाला दटावत असेल तर दुसरी बाजूही त्याच पानावर आहे, हे नम्रपणे दाखवता येतं.

याच कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास असं किमान काम दिलं आहे. शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास मोजताना त्यात तयारीचा वेळ धरला आहे. तयारी म्हणजे घरी रात्री करायची फुकटची गोष्ट नाही, हे मुख्याध्यापकांनी स्वतःच्या मनाशी एकदा घोकावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही आपल्या वर्गाला जी पद्धत सर्वांत परिणामकारक वाटेल ती निवडण्याची अधिक मोकळीक शिक्षकाला मिळावी, असं म्हटलं आहे. कागदावर मोकळीक आहे. ती वर्गात कशी उतरवायची एवढंच काय ते आपल्या हातात.

पायरी १ : दिवस मोजा, खरे दिवस

जूनमध्ये वार्षिक नियोजन करताना आपण २०० दिवस घटकांना वाटून मोकळे होतो. तसं करू नका. मागच्या वर्षीची हजेरी आणि दैनंदिनी काढा. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गात गणित आणि भाषा खरोखर शिकवली गेली असे दिवस मोजावेत. क्रीडा स्पर्धा, प्रशिक्षण, मतदार याद्या, सर्वेक्षण, पालखी, गावची जत्रा, पावसाने ओढ्याला पाणी आलं म्हणून न भरलेली शाळा, सगळं वजा. जो आकडा येईल त्याने थोडं घाबरायला होतं. घाबरावंच.

त्या आकड्यातून दर महिन्याचे शेवटचे चार शालेय दिवस बाजूला काढा. या चार दिवसांत नवीन घटक नाही. ज्याचं मागे पडलं त्याने ते घ्यावं, ज्याचं झालं त्याने आवडीचं काही करावं, आणि ते काय असेल हे शिक्षकाने ठरवावं. आम्ही त्यांना राखीव दिवस म्हणतो. हे दिवस वर्षाच्या शेवटी एकगठ्ठा ठेवण्याचा मोह होतो. तिथे ते कधीच शिल्लक राहत नाहीत. महिन्याला चार ठेवले तर निदान तीन तरी हाताला लागतात.

मला तर वाटतं, शिक्षकाची मोकळीक निम्म्याहून जास्त असते ती वेळेचीच. ‘तुम्हाला हवं तसं शिकवा, पण अठरा तारखेला भागाकार सुरू झालाच पाहिजे’ असं म्हटल्यावर हवं तसं म्हणजे काय उरतं?

पायरी २ : एका कागदावर तीन रकाने

शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांना एकत्र बसवा. चहा आधी द्या. प्रत्येक इयत्तेच्या प्रत्येक विषयासाठी एकच कागद घ्या, त्यावर तीन रकाने पाडा : ठरलेलं, निवडीचं, मोकळं.

‘ठरलेलं’मध्ये जे सगळ्या तुकड्यांत एकसारखं असलंच पाहिजे ते. घटकांचा क्रम, सत्राअखेर मुलाला काय जमलं पाहिजे (अध्ययन निष्पत्तींची यादी समोर ठेवा, पण त्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका, आपल्या शब्दांत लिहा), आणि वापरायचे शब्द. शब्दांवर मी मुद्दाम जोर देते. साहित्य वेगळं चालतं, गाणी वेगळी चालतात, शब्द वेगळे चालत नाहीत. एका शाळेत ‘दशक सुटा करणे’ हा एकच शब्दप्रयोग असेल तर मूल तुकडी बदललं, वर्ग बदलला, तरी त्याचं काही अडत नाही.

‘निवडीचं’मध्ये दोन-तीन पर्याय लिहा आणि त्यातलं काय घ्यायचं ते शिक्षकावर सोडा. काड्या, मणी, की दहाच्या आणि एकच्या खेळातल्या नोटा. प्रकट वाचन आधी की मूकवाचन. ‘मोकळं’मध्ये काहीच लिहू नका. तो रकाना रिकामाच ठेवायचा. बैठकीत सगळ्यांची बोटं तिथे काहीतरी भरायला शिवशिवतात, ती आवरायची.

कुठली गोष्ट कुठल्या रकान्यात जाते यावर वाद होतील. होऊ द्या, बैठक त्यासाठीच आहे. एक उदाहरण सांगते. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात संख्यावाचनाची वेगळी रीत आली : एकवीसला ‘वीस एक’, त्रेसष्टला ‘साठ तीन’. विषय विधिमंडळापर्यंत गेला, विनोद झाले, मराठी बुडाली म्हणून लेख आले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या की मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यामुळे लहान मुलं गोंधळतात. ज्याने दुसरीचा वर्ग घेतला आहे त्याला हे पटायला वेळ लागत नाही. ‘त्रेसष्ट लिही’ म्हटलं की तीन आधी ऐकलेलं मूल छत्तीस लिहून मोकळं होतं.

बाहेर वाद चालला होता तो कोणती रीत बरोबर यावर. आमच्या कागदावर तो दोन ओळींत मिटला. ‘ठरलेलं’मध्ये लिहिलं : वर्षाअखेर प्रत्येक मुलाला १०० पर्यंतच्या संख्यांची रूढ नावं ऐकून लिहिता यावीत. ‘निवडीचं’मध्ये लिहिलं : तिथवर जाताना ‘साठ तीन’चा आधार घ्यायचा का, कोणत्या मुलांसाठी, किती दिवस. एका बाईंनी तो सगळ्या वर्गाला दिला. दुसऱ्या बाईंनी फक्त चौघांना दिला, बाकीच्यांना लागलाच नाही. दोघींचंही बरोबर होतं.

सगळ्या विषयांना सारखी मोकळीक द्यायची नसते, हेही इथेच सांगते. पहिली-दुसरीचं वाचन आणि संख्याज्ञान यांत ‘ठरलेलं’चा रकाना लांब असू द्या. कोणती अक्षरं कोणत्या गटात, काना-मात्रा कधी, हा क्रम शिक्षकागणिक बदलला तर मार खातं ते मूल. याउलट परिसर अभ्यासात मोकळा रकाना ऐसपैस असावा. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हानिहाय निघालं, ते चांगलंच झालं. पण जिल्हा म्हणजे गाव नव्हे. आपल्या गावचा पाणवठा, आठवडी बाजार, साखर कारखान्याची वा बंद पडलेल्या गिरणीची गोष्ट त्या पुस्तकात कशी येणार? ती शिक्षकानेच आणायची, आणि ती आणायला वेळ हवा. घरी पावरी, कोरकू, वारली बोलणारी मुलं असतील तर भाषेच्या तासालाही हा रकाना रुंद करावा लागतो. तिथे पहिले काही महिने कोणत्या भाषेत किती बोलायचं हे वर्गातल्या माणसाशिवाय कुणीही ठरवू नये.

पायरी ३ : शेवटचा प्रश्न आधी ठरवा

घटक सुरू होण्याआधी, त्या इयत्तेचे सगळे शिक्षक मिळून चार-पाच प्रश्नांची छोटी चाचणी लिहा. पंधरा मिनिटांची. घटक संपला की सगळ्या तुकड्यांत तीच. एवढा एक खुंटा पक्का रोवला की दोर कितीही सैल सोडता येतो.

प्रश्न निवडणं मात्र गंमत नाही. आमचा पहिला प्रश्न होता ५२ − २७. बऱ्याच मुलांनी ३५ लिहिलं. ‘अ’च्या बाई म्हणाल्या, मुलं मोठ्यातून लहान वजा करताहेत, सातातून दोन. ‘ब’चे सर म्हणाले, छे, दशक सुटा करतात पण पाचाचे चार करायला विसरतात. अर्धा तास वाद झाला. मग सरांनीच खडू घेतला आणि दोन्ही चुका फळ्यावर करून दाखवल्या. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, ३५. बारातून सात गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, पुन्हा ३५! दोन वेगळे आजार आणि ताप सारखाच. एककाच्या अंकांत पाचाचा फरक असला की हे असंच होतं.

प्रश्न बदलून ५२ − २८ केला. आता उलटं वजा करणाऱ्याचं उत्तर ३६ येतं, दशक कमी करायला विसरणाऱ्याचं ३४, आणि बरोबर उत्तर २४. पेपर तपासायचे म्हणजे उत्तरांप्रमाणे गठ्ठे लावायचे. ३६ च्या गठ्ठ्याला पुन्हा काड्या हव्यात. ३४ च्या गठ्ठ्याला काड्या नकोत, सुटा केलेला दशक वर खोडून लिहायची सवय हवी. ७० − ३४ हाही घालून ठेवा. शून्याशी गाठ पडली की ४४, ४६, ४० अशी तीन वेगळी चुकीची उत्तरं येतात आणि प्रत्येकाची गोष्ट निराळी.

या चाचणीचे नियम तीन. गुण ग्रुपवर टाकायचे नाहीत. तुकड्यांची तुलना फलकावर लावायची नाही. आणि मुख्याध्यापकांनी ‘तुमचे इतके का नापास’ हा प्रश्न विचारायचा नाही, ‘कोणता गठ्ठा मोठा आहे’ हे विचारायचं. पहिल्याच महिन्यात यातला एक नियम मोडला तर पुढच्या चाचणीत सगळ्यांना पैकीच्या पैकी पडतील. शिक्षकही माणूसच आहे.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर करायच्या मूल्यमापनासाठी आठ साधनं दिलेली आहेत : निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. आमची ही सामाईक चाचणी त्यातल्या एका साधनात बसते. बाकीची साधनं कधी, कशी वापरायची ते वर्गशिक्षकाचं. तयार वर्णनात्मक नोंदी उतरवून काढण्याचं प्रमाण यानंतर आमच्याकडे आपोआप घटलं, कारण लिहायला खरं काहीतरी होतं.

पायरी ४ : टाचण अर्धं करा

डाव्या पानावर तीन ओळी, सकाळी लिहायच्या. आज मुलांना काय जमावं. त्यासाठी काय करणार. तास संपताना काय विचारणार. बस. उद्दिष्टं-स्पष्टीकरणं-शैक्षणिक साहित्य-फलककार्य ही सगळी वरात नको.

उजवं पान सकाळी कोरं असतं. तास झाल्यावर, मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटताना दोन-तीन ओळी. त्या तिसरीच्या बाईंच्या वहीतलं एक पान असं होतं : ‘गठ्ठा सोडल्यावर रबर कुठे ठेवायचा यावरून भांडण. रबर मनगटात घालायचा नियम केला. ५२ − २८ सात जणांचं ३६. उद्या पुन्हा काड्या, पुस्तक नाही.’ मला या चार वाक्यांतून जेवढं कळलं तेवढं कुठल्याही दोन पानी टाचणातून कधी कळलं नव्हतं.

तुमच्याकडे टाचणाचा नमुना वरून ठरून आला असेल तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. त्यात शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतोच. बाकीचे रकाने थोडक्यात भरा आणि उजव्या पानाचं काम त्या शेऱ्यात करा. जूनमध्येच केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटावर, म्हणजे ‘केंद्रा’वर, देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना) शाळेत बोलावून तीन रकान्यांचा कागद, राखीव दिवस आणि ही वही दाखवा. पाहुणे म्हणून नाही, घरचे म्हणून. आधी सांगितलेला बदल नियोजन ठरतो आणि नंतर सापडलेला बदल कामचुकारपणा. लॉगबुकातल्या त्या शेऱ्याने मला हे शिकवलं.

पायरी ५ : वाट सोडायची तर चिठ्ठी

ठरलेल्या क्रमापासून बाजूला जायची वेळ येतेच. मनाई करू नका, तीन गोष्टी विचारा : काय बदलताय, का, आणि कधीपर्यंत. अर्ध्या कागदावर, मुख्याध्यापकांकडे. परवानगीसाठी नाही, कळवण्यासाठी. फरक मोठा आहे. परवानगी मागायची म्हटलं की माणूस मागतच नाही, गुपचूप करतो किंवा करायचंच सोडतो.

‘कधीपर्यंत’ मात्र सोडू नका. आमच्या एका सरांनी ‘अपूर्णांकाआधी मोजमाप घेतो, पोरांना फूटपट्टी हातात देतो’ अशी चिठ्ठी दिली. कल्पना झकास होती, मुलं वर्गाच्या खिडक्या मोजत हिंडत होती, आणि अपूर्णांक दिवाळीनंतर निघाले. तारीख लिहिली नव्हती, ही चूक माझी.

पायरी ६ : नव्या माणसाला वाऱ्यावर सोडू नका

शिक्षणसेवक म्हणून नुकत्याच लागलेल्या मुलीला पहिल्या दिवशी ‘तू तुझ्या पद्धतीने शिकव’ म्हणणं हा कौतुकाचा भाग वाटतो. तिची पद्धत अजून तयारच झालेली नसते. चाळीस मुलं, माहिती भरण्यासाठी मोबाईलवर येणाऱ्या लिंका, पोषण आहाराची नोंद आणि वर ही मोकळीक, ती रडकुंडीला येते.

पहिल्या वर्षी तिला भरपूर तयार द्या. जुन्या शिक्षकांच्या उजव्या पानांवरून निवडलेले पाठ, तयार साहित्याची पेटी, आठवड्यातून एकदा तिच्या शेजारी बसणारं कुणीतरी. एकच तुकडा तिच्या मर्जीवर सोडा. कला म्हणा, गोष्टीचा तास म्हणा. दुसऱ्या वर्षी ‘निवडीचं’ पूर्ण तिचं. तिसऱ्या वर्षी तिनेच कागद लिहायला बसावं.

अनुभवी शिक्षकांचं दुखणं वेगळं. वीस वर्षं झालेल्या माणसाला तयार पाठ हातात दिला तर त्याला तो अपमान वाटतो, आणि बरोबर वाटतो. पण वीस वर्षं एकच पाठ शिकवत आलेला माणूसही असतो. त्याला कागद देऊ नका, ३६ चा गठ्ठा द्या. आपल्या वर्गातल्या सात मुलांची सारखीच चूक समोर पडली की त्याला निराळं सांगावं लागत नाही.

वर्गात बसायला जाताना

मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख वर्गात बसतात तेव्हा काय पाहतात, त्यावर शिक्षक काय करायचं धाडस करेल हे ठरतं. बाकीच्या पायऱ्या कागदावर राहू शकतात, ही नाही.

शेवटच्या बाकाजवळ, मुलांच्या उंचीवर बसा. टाचण पहिली दहा मिनिटं उघडू नका. मुलांच्या वह्या पाहा, शेजारच्या मुलाला हळू विचारा, ‘हे तू कसं केलंस?’ मग टाचणाचं उजवं पान वाचा. तास संपल्यावर शिक्षकाला दोनच प्रश्न : आज ठरवलेल्यातलं काय बदललंत, आणि मुलांनी काय केलं म्हणून बदललंत? पहिल्याचं उत्तर ‘काही नाही’ असं वर्षभर येत राहिलं तर काळजी करा. दुसऱ्याचं उत्तर नेहमी ‘वेळ नव्हता’ असंच आलं तरीही करा. लॉगबुकात लिहिताना मुलांचं काहीतरी लिहा, भिंतीवरच्या तक्त्यांबद्दल नको.

वरून येणारा ‘फोटो टाका’ हा रोजचा प्रकार इथेच निस्तरावा लागतो. शिक्षकाची मोकळीक पाठ्यपुस्तकाने जितकी खाल्ली नाही तितकी या फोटोंनी आणि लिंकांनी खाल्ली आहे. चालू तासात उपक्रम थांबवून मुलांना कॅमेऱ्याकडे बघायला लावायचं, हे मी बंद केलं. आठवड्याचे फोटो, माहिती, लिंका एकाच शिक्षकाकडे, पाळीपाळीने, शाळा सुटण्याआधीच्या अर्ध्या तासात. बाकीच्यांचे फोन टेबलाच्या खणात. वरून दोनदा विचारणा झाली, मी उत्तर दिलं, प्रकरण संपलं.

महिन्यातून एकदा, एक तास

ही सांगड शाळेच्या चार भिंतींत एकट्याने फार दिवस टिकत नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात याचा मोठा प्रयोग झाला आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी उच्च प्राथमिक (सहावी ते आठवीच्या) शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रयोगांतून विज्ञान शिकवणं सुरू केलं. पुढे ते जिल्हाभर पसरलं, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्यने ते सांभाळलं. ३० वर्षांनी, २००२ मध्ये, सरकारने ते बंद केलं.

तिथल्या शिक्षकाला वर्गात पुष्कळ मोकळीक होती. मुलं प्रयोग करत, निष्कर्ष स्वतः काढत, परीक्षेला पुस्तक उघडून बसत. पण त्या मोकळिकीखालचा पाया भक्कम होता : ठरलेली प्रयोगपेटी, दर उन्हाळ्यात प्रशिक्षण, शाळाभेटी, आणि शिक्षकांची दर महिन्याची बैठक. वर्गात काय फसलं ते बैठकीत मांडलं जाई आणि त्यावरून पुस्तकं बदलली जात. मोकळीक द्यायची तर जास्त व्यवस्था लागते, हे तिथे ठळक दिसतं. कमी व्यवस्थेने नुसता ढिसाळपणा येतो.

आपल्याकडे केंद्रपातळीवर दरमहा शिक्षण परिषद असतेच. तिथे बऱ्याचदा परिपत्रकं वाचली जातात आणि सगळे घड्याळ बघतात. केंद्रप्रमुखांना विनंती करून त्यातला एक तास मागून घ्या. त्या तासात तीन-चार शाळांनी एकाच घटकाचे चुकांचे गठ्ठे घेऊन यावं. भाषण नाही, सादरीकरण नाही, सत्कार तर मुळीच नाही. मुलांचे पेपर टेबलावर आणि त्याभोवती शिक्षक. आमच्या केंद्रात पहिल्या वेळी आठ जण थांबले होते. ज्यांना थांबायचं नव्हतं त्यांना जाऊ दिलं, त्यामुळे पुढच्या वेळी ते आले.

दोनशिक्षकी शाळेत

चार वर्ग आणि दोन गुरुजी, तिथे तुकड्या नाहीत, मग सामाईक काय? तिथे तीन रकान्यांचा कागद इयत्तेऐवजी जोडीचा करा : पहिली-दुसरी, तिसरी-चौथी. ‘ठरलेलं’मध्ये फक्त गणित आणि वाचन, इयत्तेप्रमाणे नव्हे तर मुलांच्या पातळीप्रमाणे. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे गट पाडले की चौथीतलं मूल शब्दांच्या गटात बसलं तरी त्याला लाज वाटू नये असं वातावरण ठेवणं, हे गुरुजींचं कसब. परिसर अभ्यास दोन्ही वर्गांना एकत्र, एक विषय, दोन काठिण्यपातळ्या. सामाईक चाचणीसाठी शेजारच्या वस्तीवरच्या शाळेशी जोडी लावा. बदलीच्या वेळी इथे शाळेची सगळी आठवणच निघून जाते, म्हणून उजव्या पानाचं महत्त्व इथे दुप्पट.

मे महिन्यात

वर्ष संपताना सगळ्या टाचणवह्या कपाटात कोंबल्या जातात आणि रद्दीत निघतात. त्याआधी एक दुपार काढा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या उजव्या पानांतल्या दहा नोंदी निवडून त्या इयत्तेच्या तीन रकान्यांच्या कागदामागे चिकटवायच्या किंवा लिहायच्या. पुढच्या वर्षी ज्याला तो वर्ग मिळेल त्याला तो कागद जूनच्या पहिल्या दिवशी द्यायचा. ‘निवडीचं’मधलं जे दोन वर्षं कुणीच वापरलं नाही ते खोडा. ‘मोकळं’मध्ये कुणी केलेलं काही सगळ्यांना आवडलं असेल तर ते ‘निवडीचं’मध्ये घ्या. ‘ठरलेलं’ मात्र वर्षाला दोनपेक्षा जास्त ठिकाणी बदलू नका.

काड्यांच्या त्या बाईंची पुढे बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या सरांना मी तिसरी-गणिताचा कागद दिला. त्यांनी पुढची बाजू पाहिली, मान डोलावली, मग मागची बाजू वाचायला लागले आणि एका ओळीवर थांबून मला विचारलं, ‘मॅडम, हे “चाचणीत ५२ − २७ देऊ नका” असं का लिहिलंय?’ मी त्यांच्या हातात खडू दिला.